मागची शीट

"पुढं ती, मागनं तू. ध्यानात ठेव गो पोरी."

सासूचा हा आवाज मालूच्या कानातून कधी गेलाच नाही. लग्नाची हळद अंगावर ओली होती, देवापुढची समई नुकती लागली होती, आणि सासूनं काळ्या मण्यांत ओवलेला सोन्याचा इवलासा टाक तिच्या गळ्यात घातला होता. टाकावर बाईचा मुखवटा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता उंचवटा. ती चिमा. हैबतरावांची पहिली बायको, तापाचं निमित्त होऊन गेलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं. सणावाराला तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं. तशी रीतच होती.

सासू गेली, तिचा आवाज राहिला. मालूनं रीत पाळली. टाक मळला की रिठ्याच्या पाण्यानं घासून उजळवला, साडी दाखवताना "बघ गो बाय, कसा रंग हाय?" असं विचारायचीही तिला सवय झाली. गळ्यातली सवत तशी गरीब होती, उलटून बोलायची नाही. मालूच्या जिवाला लागली ती पडवीतली.

पडवीत येझदी उभी असायची, हैबतरावांची फटफटी.

मरून रंगाची, टाकीवर सोनेरी रेघ, मागं दोन्ही अंगांना दोन सायलेन्सर. धाटावच्या कंपनीत कायम झाल्यावर, चिमाशी लग्न झालं त्याच वर्षी, लग्नाच्या थोडं आधी, हैबतरावांनी ती कोरी घेतलेली. पुढं रोह्याच्या रस्त्यांवर तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या आल्या. ज्यांच्याकडं अशा येझद्या होत्या त्यांनी कुणी भंगारात घातल्या, कुणी लालभडक रंग मारून पोरांना दिल्या. हैबतरावांनी हिच्या अंगाला परका हात लागू दिला नाही. रंग कारखान्यातून आला तोच, दिव्याची काच तीच, पान्यांची पिशवीसुद्धा तीच. शीटचं कव्हर एका कडेला उसवलं तेव्हा त्यांनी मेण लावलेला दोरा घेऊन जुन्याच भोकांतून टाके घातले, नवं भोक एक पाडलं नाही. कंपनीत शिफ्टला जायला स्कूटर होती. येझदी बाहेर निघायची ती खंडेनवमीला झेंडूचा हार घालून, आणि एरवी कधीमधी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत, अंग मोकळं करायला.

"हैबतराव, एकदा चकाचक करून घ्या की हो हिला," कुणी म्हणायचं.

"चकाचक कोण पण करील," हैबतराव म्हणायचे. "ओरिजनल ठेवायला जन्म जातो."

ओरिजनल. हा शब्द त्यांच्या तोंडून आला की मालू उठून आत जायची. घरात एक ओरिजनल असली की दुसरी कोण ठरते, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

रविवारी सकाळी हैबतराव चहा घेऊन पडवीत जायचे ते जेवायलाच आत यायचे. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. चाकाची एकेक तार अंगठ्यानं पुसायची. मालू ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसायची. शेंग मोडायचा आवाज जरा जास्तच व्हायचा. माहेरी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला बसलेल्या बाया हात चालता ठेवायला ओव्या म्हणायच्या, मालूही त्यांच्यात वाढलेली. ती ओठांतल्या ओठांत जुळवायची:

*लाल लुगडं नेसून सवत दारात बसली,*
*दर रविवारी बाई, तेलापाण्यानं न्हाली.*

शेजारची वनिता कुंपणावरून हसायची. "काय गो मालू, भावजी आज पण नवरीला न्हाऊ घालतायत वाटतं?"

"घालू देत. तिला पाठ चोळायला माणूस लागतो. आपल्याला काय, आपले हात पुरतात."

"तू पण जाऊन उभी राहा की मधल्या स्टँडवर. पुसतील तुला पण."

"मी ओरिजनल नाय गो," मालू म्हणायची आणि दोघी हसायच्या. वनिताचं हसू कुंपणापाशीच संपायचं. मालूचं हसू शेंगांच्या टोपलीत पडून राहायचं, आणि दुपारी भांडी घासताना तिला त्याचा राग यायचा.

कधी कधी तिचा राग वेडंवाकडं करायचा. कोंबडी उडून येझदीच्या शीटवर बसली तर ती कोंबडीला हाकलायची नाही. उलट दाणे टाकताना दोन दाणे तिकडं उडतील असं बघायची. मग हैबतराव "अगो, बघ ना, ही बया कुठं बसलीय!" म्हणत धावायचे, आणि मालू अगदी साळसूदपणे "ह्या बाई!" करायची. मनात म्हणायची, कोंबडीला तरी बसू द्या. माणूस तर कुणी बसलेलं नाही.

कारण मागच्या शीटवर मालू कधीच बसली नव्हती.

एकदा बसायची वेळ आली होती. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण होतं, पेणला जायचं होतं. हैबतरावांनी येझदी अंगणात काढली. खांद्यावरच्या टॉवेलनं मागची शीट पुसली आणि तिच्याकडं नीट न बघताच म्हणाले, "बसतेस? पेणला सोडतो."

मालूनं पिशवी उचलली होती. पाऊलही टाकलं होतं. तेवढ्यात मागच्या चाकाच्या जाळीत, साडी अडकू नये म्हणून असते त्या जाळीत, तिला हिरवा धागा दिसला. लुगड्याच्या काठाचा. तिच्याकडं हिरवं लुगडं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मी यष्टीनं जाईन."

"बरं," हैबतराव म्हणाले, आणि गाडी पुन्हा पडवीत लावली.

तिला वाटलं होतं, ते पुन्हा विचारतील. दिवाळीला विचारतील, गौरी-गणपतीला विचारतील. भावाच्या लग्नाला तरी विचारतीलच. त्यांनी विचारलं नाही. ती एसटीनं गेली, आगगाडीनं गेली. नागोठणं आलं, वडखळ आलं, पेण आलं, आणि माहेरच्या बाया प्रत्येक वेळी म्हणत राहिल्या, "काय गो, जावयबापूंची फटफटी ऐकू नाय आली!" मालू म्हणायची, "जुनी झाली. लांब धावत नाय." जीभ न अडखळता बोलता येईल असं एवढंच एक खोटं तिच्याजवळ होतं.

आणि तो डाग. टाकीच्या उजव्या अंगाला, शीटच्या जवळ, वाटाण्याएवढा एक लाल ठिपका होता. टाकी मरून रंगाची आणि ठिपका लाल, म्हणजे लपवायला गेलं आणि उठून दिसलं अशातला. नखपॉलिश होतं ते. मालूनं ते पहिल्या महिन्यातच ओळखलं. कुणी लावलं असेल हेही ओळखलं. हैबतराव बाकी सगळी टाकी खसाखस पुसायचे, त्या ठिपक्याशी आले की फडकं हळू व्हायचं. मालू ओटीवरून हे बघायची. बायकोच्या डोळ्यांना फडक्याचा वेग कळतो. तिच्या डोक्यावरून असा हळू हात कधी फिरला होता, हे ती आठवून आठवून बघायची. फिरला नव्हता असंही नाही. पण आठवावं लागायचं.

यंदा पौषात पेणहून सुशील आला. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींचा त्याचा एक ग्रुप होता. हैबतरावांच्या येझदीचा फोटो कुणीतरी त्याला पाठवला होता. पेणला ते मेळावा भरवत होते, आणि मेळाव्यात एक वेगळा मान होता: जी गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली असेल, तिचा. येताना तो पापडांचं पुडकं घेऊन आला.

"पेणच्या लेकीला पेणचे पापड?" मालू म्हणाली. "म्हणजे रोहेकरांना कुंडलिकेचं पाणी विकायला आलास की रे."

"मावशी, तुम्ही पेणच्या?" सुशील खुलला. "मग मेळाव्याला यायलाच पाहिजे. कोणत्या आळीच्या?"

तिनं कारखान्याचं नाव सांगितलं. "आखणी करायचे मी. गणपतीचे डोळे."

"बापरे," तो म्हणाला, आणि पुढचं काही न विचारता येझदीकडं वळला. गुडघ्यावर बसला. बॅटरी लावून इंजिनाखाली बघितलं, नंबर वाचले, शीटच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. हैबतराव हात मागं बांधून उभे होते, पोरीला बघायला पाहुणे आल्यावर बाप उभा राहतो तसे.

"काका, नवा रंग मारलेल्या ढिगानं बघतो आम्ही," सुशील उठत म्हणाला. "अशी नाही बघितली. हिला हात न लावता सांभाळणं म्हणजे... मावशींनी पण किती सोसलं असेल!"

हैबतराव हसले. मालूही हसली. सोसलं हा शब्द तिनं चहाबरोबर गिळला.

"फक्त एक," सुशील पुन्हा वाकला. लाल ठिपक्यावर त्यानं बॅटरीचा उजेड धरला. "हा डाग ओरिजनल नाही. हा नंतरचा आहे."

मालूनं कपांची ताटली ओटीवर टेकवली.

नंतरचा. एवढी वर्षं हा शब्द या घरात एकाच माणसासाठी होता. आज तो पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर पडला होता, आणि पडला तोही चिमावर. मालूला आतून अशी उकळी फुटली की तिला स्वतःचीच लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून उकळी काही थांबली नाही.

"काढून टाका," सुशील सांगत होता. "खालचा रंग शाबूत असेल. परीक्षक एवढंसं पण बघतात. आणि गाडी रस्त्यानं आणू नका, हायवेला धूळ आणि खडी. मी शनिवारी टेम्पो पाठवतो."

सुशील गेला. जेवताना हैबतरावांनी वालाची भाजी दोनदा वाढून घेतली, म्हणजे लक्ष ताटात नव्हतं. हात धुऊन ते पडवीत गेले, टाकीसमोर उभे राहिले, आणि तिथूनच हाक मारली.

"मालू, तुझा हात हलका हाय. तूच काढ तो डाग."

"मी?"

"मला नाय जमायचं."

एवढं बोलून ते अंगणात गेले आणि शेवग्याच्या झाडाशी पाठ करून उभे राहिले.

मालूनं वनिताच्या लेकीकडून नखपॉलिश काढायच्या पाण्याची बाटली आणली. कापसाचा बोळा केला. इतक्या वर्षांत त्या ठिपक्यावर तिचा अंगठा कितीदा दाबला गेला होता. नखानं खरवडायचं मनात येऊनही खरवडला नव्हता. आता मालकानंच सांगितलं होतं. चोरीचा आळ येणार नाही अशी चोरी. तिनं गळ्यातला टाक पदराआड सारला, या कामात पहिलीनं बघू नये म्हणून, आणि बोळा ओला केला. त्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. वासानंच आलं, असं तिनं ठरवलं.

वाकली, आणि डोळा ठिपक्याशी नेला.

गणपतीच्या डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरावा लागतो. धरला नाही तर रेघेच्या टोकाला शेपूट फुटतं. कारखान्यात नव्या पोरींची रेघ बघून मालू सांगायची, ही घाबरली होती, हिला घाई होती, ही मनात हसत होती. आज तिनं तो ठिपका तसा वाचला. कडेला शेपूट होतं. लावणारीचा हात थरथरला होता. एकावर एक दोन हात दिले होते, पहिला वाळायच्या आत दुसरा. कुणीतरी येईल, बघेल, ओरडेल, अशा घाईनं. आणि नखपॉलिशच्या खालून एक बारीक वळणदार चर दिसत होता. ओरखडा. बांगडीचा ओरखडा ओळखायला बाईला भिंग लागत नाही.

पण टाकीवर बांगडी कशी घासेल? तिथं बाईचा हात येतोच कशाला?

मालूनं बोळा बाटलीच्या तोंडाशी ठेवला. अंगणाकडं बघितलं. हैबतरावांची पाठ तशीच होती. तिनं साडी आवरली, पायठेवणीवर पाय दिला आणि मागच्या शीटवर बसली. बाया बसतात तशी, पाय एका अंगाला सोडून. स्टँडवरची गाडी जरा कुरकुरली. शीट तिला वाटलं होतं त्याहून मऊ होती. उभं आयुष्य ती हिला ओटीवरून बघत आली होती. इथून अंगण, शेवगा, वनिताचं कुंपण सगळं वेगळं दिसत होतं, पुढं निघाल्यासारखं.

मग तिनं उजवा हात पुढं टाकला. पुढं माणूस बसलाय असं धरून, त्याच्या कमरेला वळसा घालून. हैबतरावांच्या पोटाला जागा सोडायला विसरली नाही; त्यांच्या आत्ताच्या पोटाला नाही, तेव्हाच्या सपाट पोटाला.

तिची बांगडी टाकीवर टेकली. टिक् झालं.

बरोबर लाल ठिपक्यावर.

मालू तशीच बसून राहिली. म्हणजे अशी बसायची ती. अशी धरून बसायची, अगदी घट्ट, खड्डा आला की आणखी घट्ट. तिला चिमाचा हेवा वाटला, इतका की आजवर वाटला तो सगळा नुसता सराव वाटावा. गाडीचा नाही, डागाचा नाही, हळू होणाऱ्या फडक्याचाही नाही. या एका हाताचा. आणि त्या हेव्याच्या तळाशी तिला ती पोरही दिसली. नव्या कोऱ्या गाडीला आपल्या बांगडीनं ओरखडा काढला म्हणून घाबरलेली. नवरा कामावरून यायच्या आत, जवळ होतं ते नखपॉलिश घेऊन, श्वास न धरता ठिपका लावणारी. आखणी न येणारी. तीही गाडीनंतरचीच. कारखान्यातून काही ती आली नव्हती.

मालूनं टाक पदराबाहेर काढला.

"काढलास?" मागून आवाज आला.

हैबतराव पडवीच्या पायरीशी होते. शीटवर बसलेल्या मालूकडं बघून त्यांचं पाऊल तिथंच राहिलं. कोंबडीला हाकलायला धावणारा माणूस, पण 'उतर' म्हणाला नाही.

"नाय," मालू म्हणाली.

"का गो?"

"तिनं भिऊन लावलंय ते. तुम्ही ओरडाल म्हणून."

हैबतराव एक पायरी चढले. मग म्हणाले, "ठावं हाय. दुसऱ्याच दिवशी दिसलं मला."

"मग बोललात?"

"नाय. म्हटलं, तिला वाटतंय लपलं, तर लपू दे. मग राहून गेलं."

"म्हणजे ती गेली ती भीतच गेली." मालूचा आवाज चढला. "तुम्ही मनातल्या मनात माफ करून मोकळे! तोंडानं बोलायला काय होतं हो तुमचं? फडकं फिरवून माणसाला कळतं होय?"

हैबतरावांनी हातातल्या फडक्याकडं बघितलं. ते त्यांच्या हातात होतं हेच त्यांना ठाऊक नसावं.

"सुशीलला काय सांगू? मान जायचा."

"जाऊ दे. सांगा त्याला, डाग ओरिजनल हाय. आणि टेम्पो नको म्हणून सांगा."

"टेम्पो नको? मग पेणला गाडी न्यायची कशी?"

मालू उतरली नाही. बांगडी टाकीवरच होती.

"लग्न झाल्यावर तुम्ही ही अंगणात काढली होती," ती म्हणाली. "शीट पुसली होती. आठवतं?"

"आठवतं तर. तू म्हणालीस, यष्टीनं जाईन."

"आणि तुम्ही ऐकलंत!"

"मग काय करायचं होतं?" हैबतराव खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "बाई नको म्हणते, तिला परत कसं विचारायचं? मला वाटलं, पहिलीच्या जागेवर बसायला तुला ओशाळं वाटतं. म्हणून ती शीट मी कुणालाच दिली नाय."

कुंपणापलीकडं वनिताच्या घरातली शिट्टी झाली, कुकरची. कोंबडी पडवीत आली, आपली जागा गेलेली बघून मान वाकडी करून उभी राहिली. मालूला हसू आलं आणि त्याच हसण्यात, इतकी वर्षं एसटीच्या खिडकीशी, आगगाडीच्या बाकावर, माहेरच्या ओटीवर गिळत आलेली गोष्ट तिच्या तोंडाशी आली. आता ती गिळायला जागाच नव्हती.

"मला यष्टीनं जायचं नव्हतं हो," मालू म्हणाली. "मला तुमच्या मागं बसायचं होतं. अजून बसायचंय."